वरच्याचं सँडविच

"तुम्हीच का ते वरचे?" काउंटरपलीकडची पोरगी म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिने लांबातला लांब ब्रेड उचलून मधोमध चिरलासुद्धा. "नेहमीचंच ना, काका? चीजचे दोन थर, पांढरा सॉस दोन्हीकडून, वरून गोड सॉस, आणि ब्रेड बटर लावून भाजायचा. आज शिट्टीमामा नाही आले?"

आता बघा, शिडीवर पायरी निसटली ना की माणसाला ओरडायचं सुचत नाही. हात आपोआप घट्ट होतात. मला तस्संच झालं. फरक एवढाच की मी जमिनीवर होतो, सँडविचच्या दुकानात, काचेच्या पेटीची कड धरून, आणि माझ्यामागे रांग होती. महिना झाला मी पाला खातोय. बायकोला, सुरक्षावाल्या साहेबाला, जावयाला, जो विचारत नाही त्यालासुद्धा सांगत सुटलोय की आपलं दुपारचं एकच, भाज्यांचं हलकं सँडविच. आणि आज सकाळीच साहेबाने मला स्टोअरमधल्या काट्यावर उभं केलं, तर काटा गेल्या खेपेच्या पुढे गेलेला. पुढे! मी खाली उतरलो, बूट काढले, परत चढलो. साहेब म्हणाला, "बुटांचं नाही हो ते." मग मी पट्टा काढला, हेल्मेट काढलं, खिशातल्या किल्ल्या काढल्या. साहेब पोरगाच आहे, माझ्या मुलीच्या वयाचा, वाईट नाही. पण त्याचं ते मान तिरकी करून बघणं मला सोसेना. म्हणाला, "काका, वर क्रेनच्या केबिनमध्ये तुम्हाला काही झालं तर दोराने खाली आणायचं असतं. त्या दोराच्या सामानाला एक वजन पेलतं. तुम्ही त्याच्या वर गेलात. महिनाअखेरीला मला कागदावर सही करायचीय. नाही बसलं तर खाली. स्टोअरमध्ये जागा आहे." स्टोअरमध्ये. म्हणजे खिडकीतून लोकांना खिळे आणि हातमोजे देत बसायचं. जन्मभर दुसऱ्याची वजनं उचलली, लोखंड उचललं, सिमेंट उचललं, एकदा तर अख्खं संडासाचं डबडं दारासकट सातव्या मजल्यावर ठेवलं, आत एक मिस्त्री बसलेला होता तो कडी लावून, त्याला कळलंसुद्धा नाही असं अलगद ठेवलं. आणि आता हे म्हणणार की तूच वजन.

"काका, देऊ ना?" पोरगी थांबली होती, सॉसची बाटली उलटी धरून. पांढरा सॉस. त्याला मी दही समजत होतो. हसू नका. वर केबिनमध्ये कागद सोडून खाताना ते आंबटसर लागायचं, गार लागायचं, आणि मी मनात म्हणायचो, वा, दही आहे, दही बरं असतं. रोज माझं सँडविच इथून शिट्टीच आणतो, त्याला मी एकदा वायरलेसवर विचारलंही होतं, "काय रे, फारच चवीचं लागतंय हे." तो म्हणाला, "भाज्यांचंच आहे. खा गुमान." भाज्या होत्याच ना, काकडी होती, टोमॅटो होता, पाला होता, वरून तरी तेच दिसायचं. पुढे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

"थांब," मी म्हणालो. "ते ठेव बाजूला. मला हलकं पाहिजे."

"हलकं म्हणजे?"

हलकं म्हणजे! माझ्यामागे गळ्यात कार्ड अडकवलेला एक जण उभा होता, त्याने उसासा टाकला, मला मानेवर लागला तो. मी वरच्या पाटीकडे बघितलं. दिव्यांची पाटी, तिच्यावर सँडविचचे फोटो, प्रत्येकाच्या पोटाखाली एक आकडा. आकड्यांना मी घाबरत नाही. शाळा चौथीत सुटली, पण केबिनमधला तक्ता मला झोपेतून उठवून विचारा, क्रेनचा हात किती लांब पसरला तर किती भार पेलतो. भाज्यांच्या सँडविचखालचा आकडा सगळ्यांत लहान होता. त्याच्या डोक्यावर एक मुंगीएवढी चांदणी होती. आणि पाटीच्या तळाशी, डोळे बारीक करून बघणाऱ्यालाच वाचता येईल अशा अक्षरांत, त्या चांदणीचं लिहिलं होतं: अर्धा ब्रेड, चीज नाही, सॉस नाही. माझं डोकंच फिरलं. कारण हे मला माहीत होतं. आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की बाबा, माल किती ते विचारू नकोस, हुकापासून खाली लटकतंय ते सगळं मोज. साखळी मोज, कड्या मोज, आडवा दांडा मोज. नुसत्या मालाचा आकडा बघून उचलणारा कधीतरी क्रेन आडवी करतो. ज्याने मला हे शिकवलं तो म्हातारा क्रेनवाला बोलताना हात असा हवेत धरायचा, आणि म्हणायचा, "लेकरा, माल खोटं बोलत नाही, त्याला बांधणारं खोटं बोलतं." आणि मी? काकडी मोजत बसलो. साखळी बघितलीच नाही.

"काका, मी सांगू का?" पोरगी हळू बोलली. तिच्या एका भुवईत जखमेची रेघ होती. "अर्धा ब्रेड घ्या. आत भाजलेलं चिकन घ्या, तळलेलं नको. चीज नको. सॉसच्या जागी मोहरीचा, तो हलका. आणि भाज्या वाटेल तेवढ्या, त्यांचे जादा पैसे नाहीत. पोट भरेल तुमचं."

"चिकन? आणि भाज्यांचं?"

"भाज्यांचं चांगलंच आहे हो. पण मग तुम्हाला दोन तासांनी भूक लागणार, आणि तुम्ही येऊन बिस्किटं घेणार. सगळे घेतात."

मागचा म्हणाला, "ताई, जरा—"

"तुम्हाला घाई असेल तर पुढे या," मी वळून म्हणालो, आणि मी वळलो की जागा बरीच वळते, तो मागे सरकला. आला नाही पुढे. मला वाटतं मी जोरात बोललो. हल्ली जोरातच बोललं जातं. बायको म्हणते, "अहो, मीठ मागताय की भांडण?" तिचा तरी काय दोष. ती पहाटेच्या पाळीला कपडे धुण्याच्या कारखान्यात जाते, हॉटेलांच्या चादरींचे ढीगच्या ढीग, तिच्या हातांना कायम वाफेचा वास. डबा करणार कधी? म्हणूनच तर दुपारचं हे दुकानातलं. वजनाचं प्रकरण निघालं त्या संध्याकाळी तिने नुसतं सूप माझ्यापुढे ठेवलं, आणि स्वतःही तेच घेऊन बसली, जिच्या अंगावर मांस म्हणून शोधावं लागतं ती. मी म्हणालो, तू का उपाशी मरतेस? तर म्हणाली, "तुमच्यासमोर पोळी खाऊ? घास उतरेल का माझ्या घशाखाली?" आणि मग बोट दाखवून, "दुपारी मात्र भाज्यांचंच. मी भाऊजींना सांगून ठेवलंय." भाऊजी म्हणजे शिट्टी. वायरलेस नव्हते तेव्हा तो दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचा, एक म्हणजे उचल, दोन म्हणजे थांब, तेव्हापासूनचं नाव. त्याच्या खऱ्या नावाने मी त्याला कधी हाक मारल्याचं आठवत नाही. तो खाली उभा राहून हात करतो, मी वरून उचलतो. वर गेल्यावर मला माझा हुक कुठे टेकतोय ते अर्ध्या वेळा दिसतही नाही, भिंतीआड असतो. तेव्हा त्याचा हात म्हणजेच माझे डोळे. दुपार झाली की शेवटचा भार उतरवल्यावर तो हुकाला पिशवी अडकवतो आणि मूठ तोंडाकडे नेऊन पोटावरून हात फिरवतो. ती आमची जेवणाची खूण, कुठल्या पुस्तकात नाही. मी पिशवी वर घेतो. इतका मोठा हुक, आणि त्याला एवढीशी कागदी पिशवी, वाऱ्यावर हलत हलत वर येते. रोज मला ती बघून बरं वाटायचं. मूल शाळेतून येताना दिसावं तसं.

आणि त्याच पिशवीत हा प्रकार. पोरगी अर्ध्या ब्रेडवर काकडी रचत होती, आणि माझ्या डोक्यात विंचू चालायला लागला. का करावं त्याने असं? चीजचे दोन थर कोण फुकट घालतं? वरचे पैसे त्याच्या खिशातले. माणूस खर्च करतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. मग आठवलं, त्याच्या भाच्याने क्रेनचा परवाना काढलाय. मागच्या महिन्यात पेढ्यासारखं तोंड करून सांगत होता, "पोरगं पास झालं गड्या, आता कुठे चिकटवायचं बघतोय." तेव्हा मी पाठ थोपटली होती. आता तीच थोपट मला चावायला लागली. मी स्टोअरमध्ये, भाचा केबिनमध्ये, मामा खाली. घरचा कारभार. आणि अजून एक आठवलं. गेले काही दिवस मी भार खाली आणतो तेव्हा शिट्टी एक पाऊल मागे सरकतो. पूर्वी नाही सरकायचा. पूर्वी लोखंडाची मोळी त्याच्या छातीइतकी उतरली की तो हात लावून तिला वळवायचा, गाईला वळवावं तसं. आता आधी मागे, मग पुढे. मी म्हणायचो गुडघे गेले असतील. आता वाटलं, मन मागे सरकलंय त्याचं. माझ्यापासून. चोराचं पाऊल असंच असतं.

"मोहरीचा थोडा की जास्त?" पोरगीने विचारलं.

"घाल काय घालायचं ते," मी म्हणालो. "आणि दुसरंही दे. ते, नेहमीचं. सुरू केलंयस ना. बांध दोन्ही."

बाहेर वारा होता. म्हणून तर काम बंद होतं आणि मी दुपारचा जमिनीवर होतो. माझी क्रेन मोकळी सोडलेली, वाऱ्याच्या दिशेने आपली आपण तोंड फिरवून उभी, भल्या मोठ्या जनावरासारखी. खालून ती मला कधीच माझी वाटत नाही. रस्ता ओलांडताना पिशवीतून बटरचा वास येत होता, आणि तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि त्या पाण्याचाच मला एवढा राग आला की सिग्नलचा हिरवा माणूस लागलेला असूनही मी तिथेच उभा राहिलो. भूक ही चीजच नालायक. अपमान झालेला असो, मैत्री मोडलेली असो, ही आपली जीभ बाहेर काढून बसलेली.

पत्र्याच्या शेडमध्ये शिट्टी एकटाच होता. साखळीची कडी न कडी हातावरून सरकवत तडा बघत होता. हे त्याचं काम नाही, पण वाऱ्यात तो हेच करतो. मी त्याच्यासमोर नेहमीचं सँडविच ठेवलं. धप्पकन.

"हे काय?" तो म्हणाला.

"वरच्याचं सँडविच. दुकानातली पोरगी तुझ्याबद्दल विचारत होती. मामा का नाही आले म्हणून."

त्याने कागद नुसता बघितला. उघडला नाही. साखळी खाली ठेवली, हात पँटला पुसले. "बरं," तो म्हणाला.

"बरं काय बरं? लाज वाटत नाही? माझी बायको सूप पिऊन झोपते रे. मी काट्यावर बूट काढून उभा राहिलो आज पोरांसमोर. भाच्याला केबिन पाहिजे होती तर तोंडाने मागायची. मी उतरलो असतो. असा चारून चारून काय उतरवतोस, बोकडासारखा?"

शिट्टी हसला. त्याचं ते समोरच्या दाताच्या फटीतलं हसू. मग हसू गेलं. "भाचा? तो परवाच दुसरीकडे लागला. बंदरावर. तुला सांगितलं मी वायरलेसवर. तू म्हणालास, बडबड नको, भार धर."

मला हे आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण म्हणालो असेन. हल्ली मी तसंच म्हणतो.

"मग का?"

"बस आधी."

"बसत नाही."

"नको बसू. सळ्यांची मोळी आठवते? उपास सुरू करून आठवडा झाला होता तुला. नुसता पाला खात होतास, मीच आणत होतो, कोरडा, तुझ्या बायकोने सांगितला तसा."

"त्या दिवशी वारा होता," मी म्हणालो. मोळी भिंतीजवळ आली आणि झुलली, तिचं टोक शिट्टीच्या हेल्मेटला चाटून गेलं. मी वायरलेसवर ओरडलो होतो, वारा, वारा! साहेबालाही मी तेच सांगितलं होतं.

शिट्टीने मान वर करून छताकडे बघितलं. शेडचा पत्रा वाजत होता. आज वाजत होता. "वारा नव्हता गड्या," तो म्हणाला. "मी खाली उभा होतो. माझ्या तोंडातल्या विडीचा धूर सरळ वर जात होता. तू झटका दिलास. आणि तो एकटा नव्हता. सकाळपासून तू देत होतास, उचलताना झटका, थांबवताना झटका. हात तुझा रागावलेला होता. सतरा माणसांबरोबर काम केलंय मी, हात ओळखतो. तो उपाशी माणसाचा हात होता."

"मग सांगायचं मला."

"सांगितलं. तू म्हणालास, माझं काम मला शिकवू नकोस." त्याने सँडविच माझ्याकडे ढकललं. "तुझ्या बायकोला सांगू? तिने काळजीने स्वतःचं सूपही बंद केलं असतं. साहेबाला सांगू? त्याने तुला त्याच दिवशी उतरवला असता. मला एवढंच कळत होतं की मी त्या भाराखाली उभा राहतो. उपाशी माणसाच्या हाताखाली मी नाही उभा राहणार. तर मग घातलं चीज. पहिल्याच दिवशी फरक. दुपारनंतर तुझा हात असा, लोणी. सकाळी मात्र मी लांबच राहतो."

तर ते पाऊल तिथलं होतं. मी बसलो. साखळीच्याच ढिगावर बसलो, बूड गार पडलं. मला भांडायचं होतं, भांडणाची सगळी तयारी करून आलो होतो, आणि समोर हा माणूस साधं सांगत होता, जसं हात करून सांगतो, डावीकडे, अजून, थांब. बरं, त्याने केलं ते बरोबर होतं का? नव्हतं! माझी केबिन जाणार होती त्याच्या चीजपायी. पण त्याचं डोकं जाणार होतं माझ्या काकडीपायी. यातलं जास्त कुठलं, हे तुम्हीच ठरवा. मला त्या वेळी फक्त चिडता येत होतं, आणि कोणावर ते सापडत नव्हतं. साहेबावर चिडावं तर दोर खराच तेवढा पेलतो. पाटीवर चिडावं तर तळाशी लिहिलेलं होतं. शरीरावर चिडावं तर ते कुठे एकटं सापडतं, आपण घरातच असतो त्याच्या.

"दुकानातली पोरगी शहाणी आहे," मी शेवटी म्हणालो, आणि माझा अर्धा ब्रेड काढला. "चिकन घाल म्हणाली. भाजलेलं. मोहरी. चीज नाही. पोट भरतं म्हणे."

"भरतं का?"

मी घास घेतला. मोहरी नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं. "काय माहीत," मी म्हणालो. "दोन तासांनी सांगतो."

"उद्यापासून हेच आणतो मग. पण एक. सकाळी घरून काहीतरी खाऊन चढायचं. अंडं खा. नाहीतर मी खाली उभा राहणार नाही, साहेबाला तसं सांगेन. आणि बायकोला जेव म्हणावं तिचं तिचं." मग त्याने नेहमीच्या सँडविचचा कागद उघडला, आत वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "हे तू रोज खात होतास? अरे, हे तर मुंग्यांना पण चढेल."

"तूच घालत होतास."

"मी घालत होतो, पण खाल्लं कुठे कधी," म्हणत त्याने एवढा मोठा घास घेतला की पुढचं काही ऐकू आलं नाही.

वारा पडला तसा साहेबाचा भोंगा वाजला. मी शिडीला लागलो. मधल्या फळीवर दम खायला थांबलो, पूर्वी थांबायचो नाही. महिनाअखेर जवळ आहे, मला माहीत आहे. एका मोहरीने काटा मागे येत नसतो. होईल न होईल, साहेबाची सही होईल न होईल, ते सगळं खांद्यावर घेऊनच मी केबिनमध्ये शिरलो आणि खुर्ची माझ्याखाली नेहमीसारखी कण्हली. भूक होती. भरलं नव्हतं पोट, खोटं कशाला बोलू. तोंडात अजून ते बटर हवं होतं.

पहिला भार विटांचा. शिट्टीने हात केला, मी उचलला, फिरवला, भिंतीपलीकडून त्याच्याकडे उतरवायला लागलो. चालवायचा दांडा बोटांनीच धरला, मुठीने नाही. हुक मोजला, साखळी मोजली, विटा मोजल्या, आणि आज पहिल्यांदा दांड्यावरचा माझा हातही मोजला. भार खाली, खाली, त्याच्या छातीशी आला. काही हललं नाही, पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला नसता. आणि तरी तो एक पाऊल मागे सरकला. ठरवून नाही सरकला, पायच सरकला त्याचा.

मी भार तिथेच थांबवला. हवेत, त्याच्या छातीइतका. वायरलेसवर त्याचा आवाज आला, "सोड ना, काय झालं?" वरून तो एवढासा दिसत होता, पिवळं हेल्मेट आणि वर केलेला हात. विटा स्थिर होत्या. मी वाट बघत बसलो, त्याने पुढे येऊन हात लावावा म्हणून. भूक होती मला, पण घाई नव्हती.